दोन कार्बोरेटर, एक तराजू

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शर्टिंगच्या कापडगिरण्या आहेत, तशाच फौंड्री आणि मशीनिंगच्या शेडही आहेत. आपल्या समाजातील बरीच मुले अशा ठिकाणी लेथवर किंवा आसपासच्या गॅरेजमध्ये राबतात. हातात हुनर आहे. पण त्या हुनराचा पुढचा बाजार कोठे आहे, हे त्यांना सांगणारा कोणी नसतो. यास्तव या खेपेस जरा निराळे काम समजून घेऊ. छोट्या विमानाच्या इंजिनावर दोन कार्बोरेटर असतात, ते एकमेकांशी जुळवण्याचे हे काम.

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उजळाईवाडीचा विमानतळ येतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली तो सुरू झाला. मात्र आज तेथे उतरणाऱ्या प्रवासी विमानांना टर्बाइन इंजिने असतात, त्यांना कार्बोरेटर नसतो. आपला विषय आहे ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे इंजिन. भारताने २०१५ साली स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीशी १९४ मायक्रोलाइट विमानांचा करार केला. त्यांतील मोठा वाटा एनसीसीच्या छात्रांसाठी होता. त्या विमानांत हेच इंजिन ८० अश्वशक्तीचे आहे. बारामतीत वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या टेक्नाम विमानांतही याच जातीचे, १०० अश्वशक्तीचे इंजिन आहे.

या इंजिनाचे चार सिलिंडर दोन्ही बाजूंना दोन-दोन असे आडवे बसवलेले असतात. उजवा कार्बोरेटर उजव्या जोडीला हवा-पेट्रोल पुरवतो, डावा डाव्या जोडीला. दोन्हींच्या मधून एक संतुलन नळी जाते. इंजिन मिनिटाला ५८०० फेरे घेते तेव्हा गिअरबॉक्समधून ते कमी होऊन पंख्याला सुमारे २५५५ फेरे मिळतात. आता एका बाजूचा कार्बोरेटर थोडा जास्त उघडा राहिला तर काय होईल? एक जोडी जोराने ओढील, दुसरी मागे राहील. इंजिन थरथरते, आणि तो हिसका गिअरबॉक्सच्या दात्यांवर आणि कार्बोरेटर धरून ठेवणाऱ्या रबरी जोडांवर पडतो. मागावर ताण्याचे अर्धे धागे घट्ट आणि अर्धे सैल असले तर कापडाचे जे होते, तेच येथे लोखंडाचे होते.

गंमत अशी की, हा दोष पूर्ण रेसमध्ये फारसा जाणवत नाही, मंद गतीला जास्त जाणवतो. कारण सोपे आहे. कार्बोरेटरमधील फिरती पाकळी, जिला गॅरेजमध्ये बटरफ्लाय म्हणतात, मंद गतीला जवळजवळ बंद असते. फट दोऱ्याएवढीच. तेथे केसभर फरक पडला तरी एका बाजूला कितीतरी जास्त हवा जाते. पाकळ्या पूर्ण उघडल्या की तोच केसभर फरक नगण्य ठरतो.

काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा इंजिन बंद ठेवून करायचा. चोक दोन्हीकडे पूर्ण मिटतो ना, दोन्ही केबल न अडकता सरकतात ना, आणि दांडा मागे घेतल्यावर दोन्ही पाकळ्यांचे लिव्हर एकाच क्षणी आपापल्या स्टॉपला टेकतात ना, हे पाहायचे. दांडा पुढे केल्यावर दोन्ही एकदमच उठले पाहिजेत. मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर घेतात. येथे एक गोष्ट मोटारसायकलवाल्याने पक्की लक्षात ठेवावी. मोटारसायकलची केबल तुटली तर इंजिन मंद होते. या इंजिनात स्प्रिंग उलट्या बाजूला ओढते, म्हणजे केबल तुटली तर त्या बाजूची पाकळी पूर्ण उघडते. विमान हवेत असताना ताकद मिळत राहावी म्हणून ही सोय आहे. जमिनीवर काम करणाऱ्याला मात्र ती धोक्याची आहे.

दुसरा टप्पा इंजिन चालू ठेवून. चाकांना ठोकळे, आत बसलेला जाणता माणूस, पंख्याच्या वाटेत कोणीही नाही. इंजिन आधी चांगले गरम होऊ द्यायचे. संतुलन नळी काढून तिच्या दोन्ही तोंडांशी एकेक व्हॅक्यूम गेज जोडायचे. नळी तशीच ठेवली तर ती दोन्हींतील फरक झाकून टाकते, मग मोजायचे काय? सुमारे १४०० फेऱ्यांना मंद गती पाहायची, नंतर २५०० च्या आसपास. मंद गतीला काटे वेगळे दिसले तर स्टॉपचा स्क्रू फिरवायचा. वरच्या गतीला वेगळे दिसले तर केबलची लांबी. स्क्रू किंवा केबलला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करावे आणि पुन्हा चालू करून पाहावे. वेळ जातो, पण बोटे राहतात.

आमच्या धंद्यात जुने लोक बोटांनी कापड चोळून वजन सांगत. आज गिरणी जीएसएमचा आकडा मागते. मेकॅनिकचे तसेच आहे. कान कितीही तयार असला तरी दोन बाजूंमधला सूक्ष्म फरक कानाला कळत नाही. पण गेजवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. तराजू तपासताना आपण मापे एका पारड्यातून दुसऱ्यात टाकून पाहतो, तसे दोन्ही गेज आळीपाळीने एकाच कार्बोरेटरला लावून पाहावेत. दोन्हींचा आकडा एक आला तरच पुढे जावे. गेज नसतील तर पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात थोडे तेल घालतात. जिकडे ओढ जास्त, तिकडे तेल चढते. फरक मोठा असेल तर तेच तेल इंजिनात ओढले जाते, म्हणून नळी पुरेशी लांब हवी.

आता रोजगाराचे. एस्कॉर्ट्सने १९८३ साली आणलेल्या राजदूत ३५० ला दोन कार्बोरेटर होते. त्या गाडीच्या दोन्ही स्लाइड एकदम उठवणाऱ्या उस्तादांना वरील पहिला टप्पा समजायला पाच मिनिटे पुरतील. परंतु नोंदणी झालेल्या विमानाला कोणीही पाना लावू शकत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा देखभाल अभियंत्याचा परवाना लागतो. पिस्टन इंजिनाच्या विमानांचा वर्ग बी १.२ आहे. त्याच्या प्रशिक्षणाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावे लागते. दहावी होताच मुलाला गॅरेजमध्ये बसवणाऱ्या पालकांनी या दोन वर्षांचा हिशेब करून पाहावा. पगार दोन वर्षे उशिरा सुरू होईल, पण सहीचा अधिकार त्याशिवाय मिळणार नाही. आम्ही उर्दू माध्यमातून शिकलेल्यांना आणखी एक अडचण येते. देखभालीच्या पुस्तिका इंग्रजीत असतात, आणि त्यांतील शब्द अंदाजाने लावून चालत नाही. मुलगा आठवी-नववीत असतानाच यंत्रांची इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचायला लावावी. घरातल्या शिलाई मशीनची असली तरी चालेल.

काम संपल्यावर गेज काढून संतुलन नळी पुन्हा घट्ट बसवायची, रबरी जोडांना चीर नाही ना ते पाहायचे आणि केलेले काम लॉगबुकात लिहायचे. त्याखाली सही परवानाधारकाची.