अकॅलेशिया : स्नायुशैथिल्यकर इंजेक्शन आणि वैद्यांचे कर्तव्य

अन्न छातीत अडकते, जेवल्यावर वर येते, अशी तक्रार असलेल्या रुग्णाची नोंद आपल्या चिकित्सालयात बहुधा ‘अम्लपित्त’ अशी होते. त्यांपैकी काहींना अकॅलेशिया हा वेगळाच विकार असतो. प्रस्तुत लेखात त्याचा व त्यावरील बोट्युलिनम इंजेक्शनचा विचार करीत आहोत.

विकृती : अन्नप्रवेश हे प्राणवायूचे कर्म वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. आधुनिक शास्त्रानुसार या विकारात अन्ननलिकेच्या भित्तीतील, स्नायू सैल करणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. परिणामी गिळताना खालचा संकोचक स्नायू उघडत नाही आणि अन्न पुढे ढकलणारी गतीही लोपते.

लक्षणे व निदान : घन व द्रव दोन्ही गिळताना त्रास होणे, न पचलेले अन्न वर येणे, रात्री आडवे होताच खोकला येणे आणि वजन घटणे ही प्रमुख लक्षणे होत. बेरियम तपासणीत अन्ननलिकेचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. मॅनोमेट्रीने निदान निश्चित होते. जठरमुखाच्या कर्करोगातही असेच चित्र दिसू शकते. म्हणून एंडोस्कोपी अनिवार्य आहे.

इंजेक्शन : बोट्युलिनम टॉक्सिन चेतातंतूंच्या टोकांतून अॅसिटिलकोलिन स्रवू देत नाही, त्यामुळे स्नायू शिथिल होतो. सामान्यतः बोटॉक्सचे १०० युनिट एंडोस्कोपद्वारे स्नायूच्या चार बाजूंना विभागून देतात. पसरिचा व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याचा नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आराम लवकर पडतो. मात्र बहुतेकांत सहा ते बारा महिन्यांत लक्षणे परततात. वारंवार इंजेक्शन दिल्यास व्रणवस्तू निर्माण होऊन पुढील शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. म्हणून वृद्ध व शस्त्रक्रियेस असमर्थ रुग्णांसाठीच हा उपाय प्रामुख्याने योजतात. इतरांसाठी फुग्याने विस्फारण, हेलर शस्त्रक्रिया अथवा २००८ पासून प्रचारात आलेली पोएम ही एंडोस्कोपिक पद्धती उपलब्ध आहे. नष्ट झालेल्या चेतापेशी यांपैकी कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी :

१. गिळण्याचा त्रास असताना केवळ अम्लपित्ताची चिकित्सा लांबवू नये. रुग्णास त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे.

२. अशा रुग्णास वमन देऊ नये. अन्ननलिकेत साचलेले अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

३. कोरडे चूर्ण किंवा मोठ्या गुग्गुळ वटी तशाच देऊ नयेत. औषध देणे आवश्यकच असल्यास पातळ कल्पना निवडावी.

४. रात्रीचे भोजन लवकर व अल्प असावे. निजताना उरोभाग उंच ठेवावा.

५. इंजेक्शन घेतलेल्या रुग्णास जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक लिहून आल्यास औषधविक्रेत्याने ही बाब संबंधित डॉक्टरांच्या निदर्शनास आणावी, कारण त्यामुळे टॉक्सिनचा प्रभाव वाढू शकतो. मायस्थेनियाच्या रुग्णांतही विशेष सावधगिरी हवी.

इंजेक्शननंतर रुग्ण पोटभर जेवू लागला की विकार बरा झाला, असे त्याला वाटते व पुढील तपासण्या थांबतात. हा काळ मर्यादित आहे, हे त्याला वेळीच समजावून सांगणे आणि वजनाची नोंद ठेवून त्याला पुन्हा तपासणीस धाडणे, हे नित्य संपर्कातील वैद्यालाच सर्वांत सहज साध्य आहे, असे आम्हांस वाटते.