नातवाचा 'रिलिजन'चा तास

प्रश्न : आमचा नातू कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतो. यंदा त्याला कॅथलिक शाळेत सहावीत घातलं आहे. मुलगा म्हणतो, शिस्त चांगली, वर्गात मुलं कमी. पण रोज 'रिलिजन'चा तास असतो आणि त्याचे मार्क प्रगतिपुस्तकात येतात, हे ऐकल्यापासून हिला घोर लागला आहे. मी स्वतः मुंबईत कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, आम्हाला फक्त मॉरल सायन्स असायचं. तिथं सहावीच्या पोराला नेमकं शिकवतात तरी काय?
– एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : तुमचा कॉन्व्हेंटचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडणार नाही. आपल्याकडे कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि उरलेली मॉरल सायन्सला, ही जुनी वहिवाट. शिवाय राज्यघटनेचं कलम २८ आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. अमेरिकेतली कॅथलिक शाळा खासगी असते आणि मुळात धर्म शिकवण्यासाठीच काढलेली असते. त्यामुळे तिथे तास सर्वांना, परीक्षाही सर्वांना.

यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट वळणाचं बायबल वाचलं जाई. आयर्लंड-जर्मनीहून आलेल्या कॅथलिकांना ते खपेना. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, त्यांत हाही वाद होताच. पुढे १८८४ साली बाल्टिमोरला जमलेल्या बिशपांनी ठरवलं, की प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) चर्चशेजारी आपली शाळा उभारावी. ओरेगॉन राज्याने १९२२ मध्ये सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये तो रद्द ठरवला. तेव्हा शिकवणाऱ्या बहुतेक धर्मभगिनी (नन) असत. आता त्या क्वचितच दिसतात, नातवाचे जवळजवळ सगळे शिक्षक संसारी माणसंच असतील.

आता सहावी. कॅथलिक मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) साधारण दुसरीत होतो, दृढीकरण (कन्फर्मेशन) बऱ्याच ठिकाणी आठवीत किंवा त्यानंतर. म्हणजे सहावी हे विधींच्या दृष्टीने रिकामं वर्ष. त्या वर्षी बहुतेक शाळा बायबलचा जुना करार घेतात. उत्पत्तीची कथा, अब्राहाम, भावांनी विकलेला योसेफ, मोशे आणि दहा आज्ञा, दावीद राजा, मग राजांना खडे बोल सुनावणारे संदेष्टे आणि शेवटी बाबिलोनचा बंदिवास. तुमच्या काळजीच्या मानाने हा मजकूर भलताच सौम्य आहे. राजे, भाऊबंदकी, वनवास, वर आणि शाप हे सगळं आजीकडून ऐकलेल्या मुलाला परकं वाटणार नाही. पाठ करायचं थोडं असतं, नकाशे नि कालरेषा काढायच्या असतात, एखाद्या संताची माहिती वर्गासमोर सांगायची असते. मार्क मिळतात ते याचे. श्रद्धा किती बसली, याची परीक्षा प्रगतिपुस्तकात नसते.

खरी गंमत शेजारच्या तासाला आहे. कॅलिफोर्नियात सहावीला इतिहास असतो तो प्राचीन जगाचा : मेसोपोटेमिया, इजिप्त, भारत, चीन, ग्रीस, रोम. कॅथलिक शाळांना राज्याचा अभ्यासक्रम बंधनकारक नाही, पण त्या बहुधा त्याच्याच आसपास राहतात. त्यामुळे सकाळी मोशे लोकांना घेऊन इजिप्तमधून निघतो आणि दुपारी त्याच इजिप्तच्या पिरॅमिडांवर टिपणं काढायची असतात. चांगला शिक्षक असेल तर दोन्ही तास एकमेकांना भिडवतो. बाबिलोनने यरुशलेम पाडलं, ही गोष्ट तर दोन्हीकडे येते.

आजींनी कान टवकारायचेच असतील तर ते या इतिहासाच्या तासाला टवकारावेत. सिंधू संस्कृती, वेद, जात आणि बुद्ध हे सगळं काही पानांत उरकलेलं असतं. राज्यातल्या सहावीच्या याच पुस्तकांत हिंदू धर्म कसा मांडावा यावरून २००५-०६ मध्ये मोठा वाद झाला होता. एका बाजूला हिंदू संघटना, दुसऱ्या बाजूला अभ्यासक आणि जातिभेदाचा उल्लेख पुसू नका म्हणणारे दलित गट. तो प्रश्न चर्चचा नव्हता, सरकारी मंडळापुढचा होता. माझ्या मते नातवाला आजोबांची गरज लागेल ती इथे.

गणित आपल्या सहावीशी बरंच जुळतं : गुणोत्तर, शेकडेवारी, अपूर्णांकांचा भागाकार, ऋण संख्या, साधी समीकरणं. काही शाळांत अजून इंग्रजी वाक्याचं पृथक्करण फळ्यावर रेघा ओढून करून घेतात, हा जुन्या धर्मभगिनींचा वारसा. विज्ञानात उत्क्रांती गाळली जाईल, अशी भीती असेल तर ती सोडा. अमेरिकेत डार्विनवरून भांडणारे लोक मुख्यतः दुसऱ्या पंथांचे. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्येच मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन करायला हरकत नाही म्हटलं होतं, आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तर मठातलाच.

तासापेक्षा दिवसाची घडी जास्त वेगळी वाटेल. सकाळी प्रार्थना, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा सगळ्या शाळेची मिस्सा (मास). राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे) मुलं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी येतात, तेव्हा व्हिडिओ कॉलवर दचकू नका. त्या दिवशी सुरू होणाऱ्या प्रायश्चित्तकाळात (लेंट) पुठ्ठ्याची छोटी पेटी घरी येईल, तिच्यात गरिबांसाठी नाणी टाकायची असतात.

राहिला तुमच्या पत्रात न लिहिलेला प्रश्न. शाळेत नाव घातल्याने कोणाचा बाप्तिस्मा होत नाही. तो वेगळा, घरच्यांच्या सहभागाने व्हायचा विधी आहे. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांतली अनेक मुलं कॅथलिक नसतात. ती मिस्सेला बसतात, ख्रिस्तप्रसाद मात्र घेत नाहीत. जागेवर थांबतात, नाहीतर हात छातीवर फुलीसारखे धरून पुढे जातात, मग फादर फक्त आशीर्वाद देतात. पण मुलाने तास ऐकावा आणि त्याच्यावर काहीच परिणाम होऊ नये, अशी हमी कोणीच देऊ नये. त्यासाठी तर ती शाळा आहे. तुमच्या मुला-सुनेने ते समजून प्रवेश घेतला असेल, तर हरकत घ्यायला जागा उरत नाही.

आजींना नातवाबरोबर वाचायचंच असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आणा. २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला आहे आणि मराठी सरळ, वाहती आहे.

आणि तिकडे जाणार असाल तर 'ग्रँडपेरेंट्स डे' कधी आहे ते आधी विचारा. बऱ्याच कॅथलिक शाळांत तो असतो. आजी-आजोबांना वर्गात बसवतात, मुलांच्या वह्या दाखवतात. मिस्सा असेल तर सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहायचं, बसतील तेव्हा बसायचं. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की बाकावरच थांबायचं. कोणाला वावगं वाटत नाही.