वनालगतची सहनिवास वसाहत : नियोजनाचा अभ्यास

समविचारी पंचवीस-तीस कुटुंबांनी एकत्र यावे, शहराच्या गजबजाटापासून दूर झाडीच्या सान्निध्यात जमीन घ्यावी आणि निसर्गास बाधा न आणता शेजारी-शेजारी घरे बांधावीत, ही कल्पना अलीकडे अनेकांच्या मनात घोळत असते. अशा गटाचे प्रतिनिधी बँकेत आले, की पहिला प्रश्न बहुधा कर्जाच्या रकमेचा असतो. वास्तविक तो प्रश्न क्रमाने बराच नंतरचा आहे. आधी माणसे, मग जमिनीची कागदपत्रे, त्यानंतर नकाशा आणि शेवटी कर्ज, हा क्रम उलटला की आयुष्यभराची पुंजी अडकून पडण्याचा धोका संभवतो.

प्रत्येक कुटुंबाचे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर, परंतु एकत्र भोजनाची व बैठकीची सोय असलेले सामायिक गृह, अंगण, बाग आणि कारभार मात्र सर्वांचा, अशा वसाहतीस पाश्चात्त्य देशांत ‘को-हाउसिंग’ म्हणतात. मराठीत तिला सहनिवास म्हणता येईल. या कल्पनेचा उगम डेन्मार्कमधला. वास्तुशिल्पी यान गुडमंड-होयर आणि त्यांच्या मित्रांनी १९६४ मध्ये कोपनहेगनच्या सीमेवरील हारेस्कोव येथे अशा वसाहतीचा आराखडा तयार केला. या गावाच्या नावातील ‘स्कोव’ या डॅनिश शब्दाचा अर्थच वन असा आहे. जमीन हाती होती, नकाशेही तयार होते. तथापि परिसरातील रहिवाशांनी विरोध केला आणि अखेर जमीन विकावी लागली. पुढे १९७२ मध्ये सेटेडामेन येथे २७ घरांची आणि १९७३ मध्ये स्क्रोप्लानेट येथे ३३ घरांची वसाहत प्रत्यक्षात आली. पहिला प्रयत्न ज्यामुळे फसला, तो शेजारी गावाचा प्रश्न भारतात अधिकच नाजूक आहे. येथे वनालगतच्या गावांची गुरे, सरपण, पाणवठे व पायवाटा त्याच जमिनीतून जात असतात, आणि हे वहिवाटीचे हक्क खरेदीखतात क्वचितच लिहिलेले असतात.

जमिनीच्या कागदपत्रांकडे मात्र सविस्तर पाहावयास हवे. ‘वन’ हा शब्द जाहिरातीत मोहक वाटतो; महसुली दप्तरात तो आढळला, तर बांधकामाचा विचारच तेथे थांबतो. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमिनीचा वनेतर वापर केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात स्पष्ट केले, की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्यास हा कायदा लागू होतो. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली; तिला आव्हान दिले गेल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने १९९६ चीच व्याख्या पाळण्यास राज्यांना सांगितले. म्हणजे जमीन खासगी असल्याचा विक्रेत्याचा खुलासा पुरेसा ठरत नाही.

याचे बोलके उदाहरण मुंबईचे आहे. १९५० च्या दशकात काढलेल्या जुन्या नोटिसांच्या आधारे, १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्याचा हवाला देऊन, मुलुंडसारख्या उपनगरांतील जमिनींवर २००६ च्या सुमारास ‘खासगी वन’ अशी नोंद घेण्यात आली. त्यावर रीतसर परवानग्यांनी इमारती उभ्या होत्या, लोक राहात होते. मार्च २००८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल सदनिकाधारकांच्या विरोधात गेला. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी तो फिरविला, तोपर्यंतची वर्षे या कुटुंबांनी टांगत्या तलवारीखाली काढली. त्यामुळे सातबारा (अन्य राज्यांत खतौनी, पहाणी किंवा पट्टा) केवळ चालू वर्षाचा पाहून भागत नाही. जुने फेरफार, वनविभागाचा अभिप्राय आणि जवळ अभयारण्य असल्यास पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना, हे सारे बयाणा देण्यापूर्वी तपासणे इष्ट. शिवाय महाराष्ट्रासह काही राज्यांत बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकत घेण्यावर निर्बंध आहेत.

वनात घुसण्याऐवजी वनालगतची उजाड, पूर्वीच मोडलेली जमीन निवडून तेथे झाडी वाढविणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. पुदुच्चेरीजवळील ऑरोव्हिल १९६८ मध्ये स्थापन झाले तेव्हा तेथील पठार धूप झालेल्या लाल मातीचे होते. आज दिसणारी दाट झाडी रहिवाशांनी लावलेली आहे. मात्र तेथील घरांची मालकी रहिवाशांकडे नसते, १९८८ च्या कायद्याने ती प्रतिष्ठानाकडे आहे. साहजिकच असे घर गहाण ठेवून कर्ज घेणे शक्य नाही. कोणत्या स्वरूपाची मालकी हवी, हे गटाने प्रारंभीच ठरवावयास हवे ते याचसाठी.

नकाशाविषयी थोडा हिशेब पुरे. दहा एकर जमिनीवर तीस कुटुंबांनी प्रत्येकी दहा गुंठ्यांचे भूखंड पाडले, तर साडेसात एकर कुंपणात जातात आणि वन्यप्राण्यांच्या वाटा तुटतात. तीच घरे परस्परांना लागून, प्रत्येकी अडीच गुंठ्यांत बसविली, तर ७५ गुंठे, म्हणजे दोन एकरांहूनही कमी जागा लागते. अमेरिकेतील इथाका येथील इको-व्हिलेजने सुमारे १७५ एकरांवर शंभर घरे तीन दाट समूहांत बसवून बहुतांश जमीन मोकळी ठेवली, ती याच विचाराने. वाहने प्रवेशद्वारापाशी थांबवावीत, आणि वनाच्या बाजूस पालापाचोळा काढून जाळरेषा राखावी.

पाण्याचा हिशेब इतका सुखद नाही. १०० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडल्यास एक लाख लिटर पाणी पडते. गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे ८० हजार लिटर हाती येते. माणशी १३५ लिटर धरल्यास चौघांच्या कुटुंबास ते जेमतेम १४८ दिवस पुरेल. कोरड्या आठ महिन्यांसाठी प्रत्येक घरास सुमारे १ लाख ३० हजार लिटर साठा लागतो. तीस घरांचा साठा ३९ लाख लिटरांवर जातो. एवढ्या टाकीचा खर्च अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यांतून शुद्ध करून बागेस वापरले, तर गरज बरीच घटते.

आता कर्जाकडे वळता येईल. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जास मालमत्तेच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के व त्यापुढे ७५ टक्के मर्यादा आहे. ही मर्यादा गहाण मालमत्तेच्या मूल्यावर मोजली जाते. सामायिक गृह, टाकी व रस्ता यांतील कुटुंबाचा हिस्सा करारनाम्यात स्पष्ट नसेल, तर त्याचा खर्च स्वतःच्या शिलकीतून करावा लागेल असे धरून चालावे. विम्याबाबतही असाच एक बारकावा आहे. जुन्या धर्तीच्या आग विमापत्रात झुडपांची आग अंतर्भूत असे, पण वणवा वगळलेला असे. १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात वणव्याचाही समावेश आहे.

शेवटी पोटनियमांतील एक कलम, ज्यावर गट सर्वांत कमी वेळ देतात : एखादे कुटुंब सोडून जाऊ लागल्यास काय? घर आधी वसाहतीच्या पसंतीच्या व्यक्तीसच विकावे, ही अट सहनिवासाच्या दृष्टीने रास्त आहे. परंतु तिला मुदत हवी, मूल्य ठरविणारा त्रयस्थ मूल्यांकक हवा, आणि परगावी असलेल्या वारसाचे हक्कही स्पष्ट हवेत. कर्ज थकल्यास २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक घराचा लिलाव करू शकते. त्या खरेदीदारास वसाहतीने सभासदत्व नाकारले, तर घर विकलेही जाणार नाही आणि कर्जही फिटणार नाही. हे कलम वाचल्याशिवाय कर्जप्रस्ताव पुढे न पाठविणे शाखेच्याही हिताचे आहे.