वडीलधाऱ्यांचा रक्त-अहवाल : तारांकित आणि बिनतारांकित आकडे

बमरोली परिसरात खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांतील आजी नातवाला दवाखान्यात आणते, आणि त्याची तपासणी आटोपली की पिशवीतून स्वतःचा रक्ताचा अहवाल हळूच पुढे करते. गावाकडील वडिलांचा अहवाल तर मुलगा मोबाईलवरच दाखवतो. वृद्धांच्या व्याधींविषयी बालरोगतज्ज्ञाने बोलावे का, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु वयानुसार आकड्याचा अर्थ बदलतो, हा धडा आम्हांला रोजच गिरवावा लागतो. वाढत्या मुलाचे अल्कलाईन फॉस्फेटेज प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक असते, कारण त्याची हाडे वाढत असतात. प्रौढांची मर्यादा छापलेला अहवाल पाहून आईवडील मात्र यकृताच्या धास्तीने धावत येतात. आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही तसेच घडते.

संदर्भमर्यादा म्हणजे सामान्यतः निरोगी व्यक्तींपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे. साहजिकच निरोगी माणसांतही प्रत्येक चाचणीत विसात एक जण मर्यादेबाहेर असतो. साठ-सत्तर आकड्यांच्या 'संपूर्ण तपासणी'त एखादा तारा उमटणारच. टी.एस.एच. किंचित वाढलेले दिसताच थायरॉईडची गोळी सुरू करण्याचा आग्रह घरचीच मंडळी धरतात. पासष्टीवरील ७३७ व्यक्तींवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात अशा सौम्य दोषावर गोळी देऊन थकवा वा अन्य लक्षणांत फरक पडला नाही.

मला अधिक चिंता वाटते ती तारा नसलेल्या आकड्यांची. क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते. वृद्धापकाळी स्नायू झडतात आणि मूत्रपिंड मंदावले तरी आकडा फारसा वाढत नाही. सत्तर किलो वजनाच्या, तीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.० असेल, तर कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्रानुसार त्याची गाळणशक्ती मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर येते. तोच १.० हा आकडा बेचाळीस किलो वजनाच्या, शहात्तर वर्षांच्या आजींचा असेल, तर ती जेमतेम ३२ भरते. अहवालावर दोघांनाही तारा नाही! अशा आजींनी गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेणे धोक्याचे आहे, आणि मधुमेहाच्या व अन्य काही औषधांची मात्राही पुन्हा ठरवावी लागते.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. तारा असतो, पण "वय झाले, रक्त कमी होणारच" म्हणून घरचे तो सोडून देतात. केवळ वयामुळे हिमोग्लोबिन नऊवर येत नाही. वृद्ध व्यक्तीत लोहाची कमतरता आढळली, तर जठर वा आतड्यातून रक्त झिरपते आहे का, हे पाहिलेच पाहिजे; व्रण असेल, अ‍ॅस्पिरिनचा परिणाम असेल, क्वचित कर्करोगही असेल. कारण न शोधता नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या, तर आकडा सुधारतो आणि मूळ रोग झाकला जातो. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ती आढळली. मेटफॉर्मिन वा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत तिची शक्यता वाढते. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असल्यास रक्तपेशींचा सरासरी आकार मात्र बेमालूम 'नॉर्मल' दिसतो.

सोडियमबद्दल तर वाट पाहू नये. आजोबा दोन दिवसांपासून असंबद्ध बोलत आहेत, तोल जातो आहे, आणि अहवालात सोडियम ११८ आहे, तर तो म्हातारचळ नव्हे. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. रक्तदाबाच्या अनेक संयुक्त गोळ्यांत लघवी वाढवणारे थायझाईड गटाचे औषध असते आणि ते अशा घसरणीचे नेहमीचे कारण आहे. पोटॅशियम अकस्मात वाढलेले दिसल्यासही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, नमुना पुन्हा तपासावा व हृदयाचा आलेख काढावा. नमुन्यातील पेशी फुटल्यानेही तो आकडा खोटाच चढतो.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने अहवाल, दोन्ही न्यावेत. गेल्या वर्षी १३ असलेले हिमोग्लोबिन यंदा ११ झाले असेल, तर ती दोन अंकांची घसरण एका कागदावर दिसत नाही. खानदेशात असलेल्या आईवडिलांच्या अहवालांची एक फाईल त्यांच्याजवळ आणि तिची प्रत इकडे मुलाजवळ असावी.