कुणीतरी देईल बदलून

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्रीच्या गाडीने निघायचं ठरलं, की बुकिंग करणारा माणूस एक वाक्य हमखास टाकतो. ‘तिकीट कन्फर्म आहे ना, मग झालं. बर्थचं गाडीत बघू, कुणीतरी देईल बदलून.’ या वाक्यावर माझा आता काडीचाही विश्वास नाही. गणपतीच्या दिवसांत, कोकणात जाणाऱ्या गाडीत तर मुळीच नाही.

आमचं गाव कुडाळजवळ. गणपती दीड दिवसाचा, पण त्या दीड दिवसासाठी घर उघडायला सगळ्यांनी जायचंच, हा अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा नियम. त्या वर्षी निघालो ते अण्णा, सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे भाऊजी, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मुलाला तिकीट नको, म्हणजे नावं सहा. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहाच नावं बसतात, तेव्हा हिशेब कसा अगदी जमून आला होता. सकाळी आठला बुकिंग उघडतं त्या मिनिटाला भाऊजी फोन घेऊन बसले आणि थ्री एसीची सहाच्या सहा तिकिटं कन्फर्म करून उठले. गणपतीत ही साधी गोष्ट नव्हे. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

बर्थचे नंबर होते १८, १९, २१, २२, २४ आणि २७. ज्याला हे आकडे वाचता येतात त्याच्या लक्षात आलं असेल. आमच्या घरात तेव्हा कुणालाच येत नव्हते. दोन मधले, तीन वरचे आणि एक बाजूचा वरचा. खालचा एकही नाही. अण्णा चौऱ्याहत्तरचे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. सासूबाई सत्तरच्या, रात्रीतून तीनदा उठणाऱ्या.

गाडी सुटली तेव्हा अकरा वाजून गेले होते. म्हणजे ‘रात्री बघू’ म्हणायला रात्र शिल्लकच नव्हती. माणसं चढली तीच अंथरूण घालायला लागली. खालच्या एका बर्थवर सासूबाईंच्याच वयाच्या आजी होत्या, समोर कंबरेला पट्टा बांधलेले एक गृहस्थ, बाजूच्या खालच्या बर्थवर तान्हं बाळ घेतलेली मुलगी. आता यांच्यापैकी कुणाला उठवायचं? पलीकडच्या कप्प्यात एक तरणाबांड मुलगा खालच्या बर्थवर पाय पसरून होता. त्याला हे विचारायला गेले, तर तो शांतपणे म्हणाला, ‘काका, माझे आईवडील रत्नागिरीला चढणार आहेत. त्यांच्यासाठीच घेतलाय.’ लोक हल्ली माणुसकी विसरले, असं अशा वेळी आपण पटकन म्हणतो. मला ते पटत नाही. गणपतीच्या गाडीत प्रत्येक कुटुंबात एक अण्णा असतात, आणि ज्यांनी विचार करून खालचा बर्थ मिळवलाय त्यांनी तो आपल्याला का द्यावा?

शेवटी त्या आजींनीच पाय आखडून घेतले आणि अण्णा त्यांच्या पायथ्याशी बसून राहिले. वर मधला बर्थ उघडलेला, त्यामुळे मान ताठ करून बसायचीही सोय नाही. सासूबाईंना आम्ही कसंबसं मधल्या बर्थवर चढवलं. रात्री त्यांना उतरवायला हे दर खेपेला खाली उभे. दुसऱ्या मधल्या बर्थवर मी मुलाला भिंतीकडे घालून कुशीवर पडून होते, गाडीने वळण घेतलं की हात घट्ट. सकाळी कुडाळला उतरलो तेव्हा अण्णांचे पाय घोट्यापासून सुजलेले होते. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला ते ओढ्यापर्यंत येऊ शकले नाहीत. पायरीवरूनच हात जोडले.

दोष कुणाचाच नव्हता. पण नंतर मी चौकशी केली, तेव्हा कळलं की सहाजणांचं एकच तिकीट काढलं, तिथेच खालच्या बर्थचा दरवाजा बंद झाला होता. रेल्वेत साठ वर्षांवरचे पुरुष, पंचेचाळीसवरच्या स्त्रिया आणि गरोदर बायका यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखलेले असतात. स्लीपरच्या डब्यात सहा ते सात, थ्री एसीत चार ते पाच, टू एसीत तीन ते चार. मात्र त्यांचा लाभ मिळायला तिकिटावर एकच नाव हवं, किंवा दोन असली तर दोघंही या वयात बसणारी हवीत. तिसरं नाव आलं, किंवा म्हाताऱ्या आईसोबत तिशीतला मुलगा आला, की ते तिकीट या कोट्यातून बाहेर. अण्णा-आईंना आपल्यासोबत ठेवायच्या मायेने आपण त्यांना एका तिकिटावर घेतो आणि तिथेच त्यांचं नुकसान करतो.

पुष्कळांचा समज असा, की ज्येष्ठांची सोय आता बंद झाली. बंद झाली ती भाड्यातली सवलत, मार्च २०२० पासून. खालच्या बर्थचा कोटा चालू आहे. बुकिंग करताना ‘जनरल’ असं आपोआप आलेलं असतं, तिथे बदलून ‘लोअर बर्थ / सीनियर सिटिझन’ निवडायचं. ती यादी उघडण्याचे कष्टच बहुतेक जण घेत नाहीत.

तेव्हा आमची आताची पद्धत अशी. आधी अण्णा आणि सासूबाई यांचं दोघांचं तिकीट, त्या कोट्यातून. ते हातात पडलं की डबा कळतो. मग बाकीच्यांचं तिकीट काढताना पसंतीचा डबा म्हणून तोच क्रमांक भरायचा. मिळेलच असं नाही, पण पुष्कळदा मिळतो. नाहीच मिळाला आणि आम्ही शेजारच्या डब्यात पडलो, तरी मला चालतं. दोघं खाली निवांत झोपलेली आणि आम्ही एक डबा पलीकडे, हे सहाजण एकाच डब्यात जागे असण्यापेक्षा बरं. डबे आतून जोडलेले असतात, हे अण्णांना एकदा चालवून दाखवलं की त्यांचीही धास्ती जाते. तरी त्यांच्या खिशात मी चिठ्ठी ठेवतेच: आमचा डबा, आमचे नंबर, उतरायचं स्टेशन. मोबाइलची बॅटरी बोगद्यात उतरते असा त्यांचा ठाम समज आहे.

बुकिंगमध्ये आणखी एक खुबी आहे. ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’, ‘दोन मिळाले तरच काढा’, ‘सगळे एकाच डब्यात असतील तरच काढा’ अशा अटी घालता येतात. एरवीच्या दिवसांत मी पहिली अट बिनधास्त घालते. गणपती, दिवाळी, मे महिन्याच्या गर्दीत मात्र घालू नका. अट पुरी झाली नाही तर तिकीटच निघत नाही, आणि तुम्ही पुन्हा भरायला बसेपर्यंत वेटिंग लिस्ट लागलेली असते. बुकिंगची मुदतही लक्षात ठेवायला हवी. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती १२० दिवसांवरून ६० वर आली आहे, प्रवासाचा दिवस सोडून. ‘चार महिने आधी’ अशी जुनी सवय असलेल्यांनी कॅलेंडरवरची खूण पुढे सरकवावी. जातानाचं आणि परतीचं बुकिंग वेगवेगळ्या दिवशी उघडतं, आणि परतीच्या वेळी सगळं गाव आपल्याबरोबर परत निघालेलं असतं.

आता आकडे. स्लीपर आणि थ्री एसीत आठ-आठ बर्थचा एक कप्पा. नंबराला आठाने भागा. बाकी एक किंवा चार उरली तर खालचा, दोन किंवा पाच उरली तर मधला, तीन किंवा सहा उरली तर वरचा. सात उरली तर बाजूचा खालचा आणि काहीच उरलं नाही तर बाजूचा वरचा. टू एसीत कप्पा सहाचा: एक आणि तीन खालचे, दोन आणि चार वरचे, पाच बाजूचा खालचा, सहा बाजूचा वरचा. माझ्या मुलीला हे तोंडपाठ आहे. पाहुण्यांचं तिकीट दिसलं की ती आधी भागाकार करते.

या आकड्यांतूनच वर्गाची निवडही सुचते. थ्री एसीत आठात तीन बर्थ खालचे, टू एसीत सहात तीन. म्हणजे नुसत्या नशिबावर सोडलं तरी टू एसीत खाली झोपायची शक्यता निम्मी. शिवाय तिथे मधला बर्थ नाही, त्यामुळे रात्री दम लागला, पाय वळले तर म्हातारं माणूस उठून ताठ बसू शकतं, पडदा ओढून घेऊ शकतं. पैसे घालायचे असतील तर मी इथे घालते, तेही सगळ्यांसाठी नाही, फक्त त्या दोघांसाठी. आम्ही थ्री एसीत. थ्री एसी इकॉनॉमीचं भाडं थोडं कमी असतं, पण जास्त बर्थ बसवण्यासाठी जागा आवळलेली असते. तरुणांना ठीक, दुखऱ्या गुडघ्यांना नाही. फर्स्ट एसीत दार बंद करता येतं, चौघांची केबिन किंवा दोघांचं कूपे मिळतं. पण कुठलं मिळणार हे चार्ट लागल्यावर कळतं, आणि तिथेही निम्मे बर्थ वरच असतात. दार बंद होतं म्हणून गुडघे चढत नाहीत.

साध्या स्लीपरबद्दल नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. हिवाळ्यात, एका रात्रीच्या प्रवासाला, धडधाकट माणसांना तो पुरतो. कोकणात पावसाळ्यात मात्र विचार करा. खिडकीची झडप लावली तर गुदमरायला होतं, उघडली तर अंथरुणावर पाणी. त्यात पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं. गाड्या हळू चालतात, उन्हाळ्यातल्या वेळा पाठ असतील तर त्या विसरून जा.

बाजूच्या बर्थना लोक उगाच नावं ठेवतात. मान्य, ते जरा आखूड असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागतो, आणि खालचा तर दोन बैठकी जोडून केलेला, मधला सांधा पाठीला जाणवतो. त्यावर घरची जाड चादर चौघडी घालायची. पण सहा फुटी नसलेल्या ज्येष्ठासाठी बाजूचा खालचा आणि त्याच्या डोक्यावर घरचाच माणूस, ही जोडी मला सगळ्यांत आवडते. मध्ये परका कुणी नाही, मधला बर्थ उघडायला रात्रीचे दहा वाजायची वाट बघायला नको, केव्हाही बसा, केव्हाही झोपा. फक्त आरएसी तिकीट वेगळं. त्यात हाच बर्थ दोघांत वाटलेला असतो आणि रात्र बसून काढावी लागते. ‘होईल कन्फर्म’ म्हणून म्हाताऱ्यांना त्यावर पाठवू नका.

डब्यातली जागाही बघावी. मधोमध शांतता असते, दाराजवळ दिवा, दाराची धडधड आणि संडासाचा वास. पण रात्री उठावं लागणाऱ्या माणसाला डब्याच्या मध्यातून हलत्या गाडीत तेवढं चालणं अवघड जातं. म्हणून दारापासून दुसरा कप्पा, म्हणजे थ्री एसीत ९ ते १६, मला बरा वाटतो. चढल्याबरोबर कमोड कुठल्या टोकाला आहे ते बघून सासूबाईंना दाखवून ठेवते.

लहान मुलांचं थोडक्यात. पाचाच्या आतल्याला तिकीट नाही, बर्थही नाही. पाच ते बाराच्या आतल्याला अर्ध्या भाड्यात वेगळा बर्थ मिळत नाही, बर्थ हवा तर पूर्ण भाडं, हे २०१६ पासून आहे. सहा-सात वर्षांचं मूल कुशीत मावेल असं घरी वाटतं. बर्थची रुंदी जेमतेम दोन फूट. त्यात तेवढं मूल आणि आपण म्हणजे दोघांचंही जागरण. पूर्ण भाडं भरा. तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन झोपणाऱ्या आईलाही खालचाच बर्थ द्या. घरात खालचे बर्थ दोनच असतील तर नवरोबांनी वर चढावं, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. मधल्या बर्थवर कुणीही झोपो, साखळीचा आकडा नीट अडकलाय ना, हे स्वतः ओढून बघायचं.

पांघरुणाचं एक. एसीत चादरी, उशी, ब्लँकेट मिळतं. पण ब्लँकेटं महिन्यातून किमान एकदा धुतली जातात, असं रेल्वेमंत्र्यांनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. मी तेव्हापासून घरची गोधडी नेते.

आणि एवढं करूनही नंबर वरचेच आले तर? तिकीट तपासनिसाला भेटा. खालचा बर्थ रिकामा राहिला असेल तर वरचा बर्थ मिळालेल्या ज्येष्ठाला किंवा गरोदर बाईला तो द्यायचा अधिकार त्यांना असतो. आपण मागायचं, तेही नम्रपणे आणि गाडी सुटल्या सुटल्या, कारण तासाभरात त्यांच्याभोवती दहाजण असतात. सहप्रवाशाला विचारायचंच असेल तर एकट्या तरुण माणसाला विचारा, आणि त्याच कप्प्यातला बर्थ द्या. दुसऱ्या डब्यातला वरचा देऊन त्याचा खालचा मागू नका. तो नाही म्हणाला तर आभार मानून मागे फिरा. वयस्क बाईला, तान्ह्या बाळाच्या आईला आणि पट्टा बांधलेल्या माणसाला विचारूच नका.