सर उत्तरच देत नाहीत!

प्रश्न : मी मराठवाडा विद्यापीठात एम.ए. करते. पीएच.डी.साठी एका प्राध्यापकांना दोनदा ई-मेल केला, उत्तर नाही. ओळख नसताना संबंध जोडायचे कसे?
– एक वाचक, पडेगाव

उत्तर : ताई, तुमचा ई-मेल 'मला आपल्याकडे पीएच.डी. करायची आहे, मार्गदर्शन करावे' एवढाच असेल, तर सरांना उत्तर देणे खरोखर अवघड आहे. नेमके विचारलेले काहीच नाही. आधी त्यांचा एखादा शोधनिबंध नीट वाचा. मग सात-आठ ओळींत लिहा : तुम्ही कोण, त्या लेखातला कोणता मुद्दा तुमच्या विषयाला भिडतो आणि एकच विनंती, उदाहरणार्थ पंधरा मिनिटांची भेट. विषयाची ओळ रिकामी सोडू नका. आठ-दहा दिवसांनी एकदा नम्र आठवण करा. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप मात्र नको. पडेगावहून विद्यापीठ लांब नाही. वेळ विचारून विभागात जाऊन भेटणेही उत्तम.

खरे काम भेटीनंतर सुरू होते, आणि तिथेच बहुतेक मुले थांबतात. त्याच संध्याकाळी आभार आणि ठरलेले मुद्दे लिहून पाठवा. सुचवलेले पुस्तक वाचून झाले की काय पटले, काय नाही, तेही कळवा. मतभेद आधाराने मांडला तर चांगले शिक्षक सुखावतात.

असे जपलेले नाते दीर्घकाळ टिकते. तुमच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रा. सेलिग्मन हे त्यांचे तिथले शिक्षक. ते नाते अमेरिका सोडल्यावरही टिकले. १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील बाबासाहेबांच्या ग्रंथाला प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली.