रुळाकाठची जमीन आणि सूर्याची वीज

लोंढ्याहून मिरजेकडे येताना खिडकीशी बसलेल्या विद्यार्थ्याने रुळांच्या दुतर्फा पसरलेली जमीन अनेकदा पाहिली असेल. कोठे गवत, कोठे बाभळी, कोठे जुन्या स्लीपरांचा ढीग. देशभरात अशी सुमारे ५१,००० हेक्टर जमीन आपल्याजवळ रिकामी असून तीवर २०,००० मेगावॅट क्षमतेची सौर विद्युत्केंद्रे उभी राहू शकतील, असे रेल्वेने २०२० साली जाहीर केले. हा आकडा कितपत खरा मानावा, याचा थोडा हिशेब या लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रत्यक्ष उदाहरण पाहू. मध्य प्रदेशातील बीना जंक्शन भोपाळ–झाशी मार्गावर आहे. ग्वाल्हेरला जाणाऱ्यांना ते परिचित असेल. तेथे भेल कंपनीच्या सहकार्याने १.७ मेगावॅटचे सौर केंद्र २०२० साली रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवर उभारण्यात आले. वर्षाला सुमारे २५ लाख युनिट वीज आणि १ कोटी ३७ लाख रुपयांची बचत, असा अंदाज तेव्हा देण्यात आला. म्हणजे युनिटमागे साधारण साडेपाच रुपये. हे केंद्र चोवीस तास पूर्ण शक्तीने चालले असते तर दीड कोटी युनिट मिळाले असते. प्रत्यक्षात त्याचा सहावा हिस्सा मिळतो, कारण रात्र, ढग आणि तिरपे ऊन यांना कोणी चुकवू शकत नाही.

बीना येथील खरी नवलाई क्षमतेत नाही, जोडणीत आहे. सौर तबकड्यांतून एकदिश प्रवाह मिळतो. विजेच्या गाडीला मात्र २५,००० व्होल्टचा एककला प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. नेहमीच्या पद्धतीत सौर केंद्राची वीज त्रिकला करून राज्याच्या जाळ्यात सोडतात आणि रेल्वे आपल्या उपकेंद्रावर जाळ्यातून वेगळी वीज घेते. बीनात ती एककला करून थेट रुळांवरच्या तारेला दिली जाते. येथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. त्रिकला पद्धतीत तिन्ही कलांची एकूण शक्ती क्षणोक्षणी सारखी राहते. एककला पद्धतीत ती सेकंदाला शंभर वेळा चढते आणि उतरते. सूर्य मात्र एकसारखी शक्ती देत असतो. या दोहोंतील फरक मधल्या मधे साठवून पुन्हा सोडण्यासाठी परिवर्तकात मोठे धारित्र ठेवावे लागते. तारेवरचा भारही स्थिर नसतो. एखादी मालगाडी चढ चढू लागली की मागणी एकदम वाढते, ती निघून गेली की तार जवळजवळ रिकामी. गाडीच नसेल तर दुपारची वीज उपकेंद्रातून मागे जाळ्यात गेली पाहिजे, नाहीतर निर्मिती कमी केली पाहिजे.

आता प्रमाण पाहा. डब्ल्यूएपी-७ जातीचे इंजिन ६,३५० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ४.७ मेगावॅटचे. भर दुपारी बीनाचे संपूर्ण केंद्र अशा एका इंजिनाच्या पूर्ण शक्तीच्या तिसऱ्या भागाहून थोडी अधिक वीज देते. यात निराश होण्यासारखे काही नाही, पण वृत्तपत्रांतील मथळे वाचताना हे ध्यानात असलेले बरे.

एका मेगावॅटला सुमारे दोन हेक्टर जागा धरली तर २०,००० मेगावॅटला ४०,००० हेक्टर लागतील. म्हणजे रिकाम्या म्हटलेल्या जमिनीपैकी जवळजवळ चार-पंचमांश! आणि ही जमीन सलग नाही. रुळाकाठची दहा मीटर रुंदीची पट्टी घेतली तर एका मेगावॅटसाठी ती दोन किलोमीटर लांब हवी. तेवढी लांब केबल, तेवढे लांब कुंपण आणि राखणही आली. उद्या दुसरा किंवा तिसरा मार्ग टाकावयाचा झाला तर हीच पट्टी प्रथम मोकळी करावी लागणार. यार्डे, वसाहती, जुने कारखाने यांच्याजवळचे मोठे तुकडे त्या मानाने सोयीचे.

शिवाय ‘रिकामी’ हा शब्द कागदावरचा आहे. मुंबईच्या लोकलमधून रुळांलगत भाजीचे मळे दिसत आले आहेत. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वेनेच अशी जमीन लागवडीस दिली होती. गावोगावी या पट्ट्यांवर कोणाच्या तरी शेळ्या चरतात. वीज स्वस्त पडली असे म्हणताना हा खर्च कोणी भरला, तेही मांडले पाहिजे. प्रस्तुत लेखकाला या बाजूचा हिशेब कोठे फारसा वाचावयास मिळाला नाही.

मग जागा न अडवता वीज कशी घ्यावी? स्वित्झर्लंडमध्ये १९८९ सालीच ए-१३ महामार्गालगतच्या आवाज अडविणाऱ्या भिंतीवर सौर तबकड्या बसविल्या गेल्या. आपल्याकडे बनारसच्या रेल्वे इंजिन कारखान्यात ऑगस्ट २०२५ मध्ये चक्क दोन रुळांच्या मधोमध, ७० मीटर लांबीत, २८ तबकड्या लावण्यात आल्या. क्षमता १५ किलोवॅट. या हिशेबाने बीनाइतक्या क्षमतेसाठी सुमारे आठ किलोमीटर मार्ग लागेल. जमीन मुळीच लागत नाही, हा मोठाच लाभ. परंतु तबकड्या आडव्या राहतात, ब्रेकची धूळ त्यांवर बसते, आणि खडी ठोकण्याचे वा स्लीपर बदलण्याचे काम निघाले की त्या उचलाव्या लागतात. म्हणूनच बनारसला त्या काढता येतील अशा बसविल्या आहेत. कारखान्याच्या आवारातील ७० मीटरांवर ते सहज जमते. रात्रंदिवस गाड्या धावणाऱ्या मार्गावर तबकड्या उचलून पुन्हा बसविण्यास गँगमनला किती वेळ मिळेल, यावर या पद्धतीचे पुढचे बरेच काही ठरेल.